मिस लीनाला मूल नव्हतं

मंगळवार पेठेतल्या आमच्या समाजमंदिराचा जिना अजून तसाच अरुंद आहे. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला चिकटायचं, हा तिथला जुना रिवाज. परवा मी आणि प्रज्ञा चढत होतो तेव्हा वरून पाठीला सॅक अडकवलेली दोन पोरं उतरत होती. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, या मावशी, सावकाश या. या जिन्यावरून मी एकेक पायरी गाळत पळालेली आहे. इथं कुणी मला मावशी म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि माझी खरीखुरी भाची मागून मुकाट्यानं येत होती.

प्रज्ञा माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. आक्का याच उन्हाळ्यात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून तिच्या कंपनीची माणसं आली होती. त्यातले एक साहेब उठून चार शब्द बोलले. मॅडम वेळेच्या पक्क्या, मॅडम टेलिफोनवर बोलायला लागल्या की परदेशी पाहुणाही खूश, वगैरे. मग ते म्हणाले, मॅडमना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण आम्हा सगळ्यांवर त्यांनी आईची माया केली. प्रज्ञा पांढऱ्या साडीत पहिल्याच रांगेत बसली होती. साहेबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मागं बायकांच्यात कुजबुज झाली, कुणीतरी खोकलं, आणि प्रज्ञानं मान काही वर केली नाही.

नंतर ती पुण्याला आपल्या नोकरीवर निघून गेली. आणि परवा अचानक फोन करून म्हणाली, मावशी, आई जिथं इंग्रजी शिकली ती जागा मला बघायची आहे. मला कळलं. तिला जागा बघायची नव्हती, तिला विचारायचं होतं की माझ्या आईनं मला नाकारलं का. याचं उत्तर देऊ शकणारी माणसं एकेक करत गेली. आमची आई गेली, इंग्रजी शिकवणाऱ्या सरोज मॅडम गेल्या, आक्का गेली. राहता राहिले मी.

वरचा हॉल आता अभ्यासिका झाला आहे. प्लायवूडचे खण, खणाखणात खाली घातलेली डोकी, डोक्यावर संथ पंखा. भिंतीवर पाटी: कृपया शांतता राखा. ती पाटी वाचून मला हसू आलं. सरोज मॅडमनी ती पाटी पाहिली असती तर काढून खिडकीतून खाली टाकली असती. या हॉलमध्ये शांतता राखणाऱ्याला त्या काळी दंड होता.

तो काळ म्हणजे जुनं शतक संपत आलं होतं तेव्हाचा. सकाळी हॉलमध्ये वंदना व्हायची. दुपारी आम्ही जायचो तोवर मेणबत्त्यांचा आणि उदबत्तीचा वास जरासा शिल्लक असायचा आणि त्याच्यावर शेजारच्या डंकातला चटणीचा खकाणा येऊन बसायचा. उन्हाळ्यात तर सगळी पेठ मिरच्या कुटून घ्यायला त्या डंकावर रांग लावायची. धाड धाड धाड लोखंडी मुसळं पडायची, आणि वर इंग्रजी शिकणारी आम्ही पंधरावीस माणसं एकामागून एक शिंकायचो. मॅडमनी त्याचाही खेळ केला. शिंकेल त्यानं उभं राहून एक्स्क्यूज मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मिळून ब्लेस यू. आमच्यातल्या निम्म्या लोकांना सगळ्यात आधी पाठ झालेलं इंग्रजी ते. अजूनही तिखटाची फोडणी बसली की माझ्या तोंडून आपसूक एक्स्क्यूज मी निघतं आणि घरातले हसतात.

सरोज मॅडम अंगानं काटकुळ्या, आवाजानं मात्र खणखणीत. हायस्कुलातली नोकरी त्यांनी सोडली होती. का सोडली ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुस्तकाचा त्यांना राग होता. पुस्तकानं इंग्रजी आलं असतं तर अख्खं कोल्हापूर कधीच साहेब झालं असतं, म्हणायच्या. त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा एक चेंडू असायचा, डोळ्यावर बांधायचा एक काळा रुमाल, आणि वर्तमानपत्रातली कापलेली चित्रं. एवढ्या भांडवलावर त्यांचा क्लास चालायचा.

चेंडू ज्याच्याकडे जाईल त्यानं शब्द सांगायचा. आपल्या भेंड्यांसारखंच, शेवटच्या अक्षरावरून. ॲपल, एलिफंट, टेबल, एग. भडंगाच्या दुकानातल्या वहिनी होत्या, त्यांच्याकडे कुठलंही अक्षर आलं तरी त्या खायचाच पदार्थ काढायच्या. रिक्षावाले पाटील मामा होते, त्यांच्याकडून सगळे गाडीचे भाग यायचे. ब्रेक, क्लच, हॉर्न. खेळात मराठी बोललं की दंड, आणि दंड म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भडंग. कोल्हापूरचा माणूस बोलताना 'की' म्हटल्याशिवाय राहत नाही. आय ॲम कमिंग की. यू सिट की. त्या एका 'की'पायी आम्ही किती भडंग खाल्लं असेल. वहिनींना पैसे द्यायला गेलं की त्या घ्यायच्या नाहीत, कारण सगळ्यात जास्त दंड त्यांचाच व्हायचा.

शनिवारी बाजार. घरातून येताना प्रत्येकानं भाजी आणायची, सतरंजीवर मांडायची, आणि इंग्रजीतून विकायची. मेथीची जुडी, दोडके, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, मातीचा ओला वास. निम्मे विकणारे, निम्मे घेणारे. घासाघीस करताना इतका आरडाओरडा चालायचा की डंकावर रांगेत उभ्या असलेल्या बायका वर येऊन दारात उभ्या राहायच्या. त्यातल्या दोघी नंतर क्लासलाच यायला लागल्या. खेळ संपला की ज्यानं जे विकत घेतलं ते त्यानं घरी न्यायचं, त्यामुळं शनिवारी रात्री आमच्या घरी कुणाच्या घरची भाजी शिजेल याचा नेम नसायचा. आई कुरकुरायची की हे कसलं इंग्रजी, दोडके देऊन कारली आणायची.

आणि चिठ्ठ्या. तिथूनच सगळं सुरू झालं म्हणून ते नीट सांगायला हवं.

मॅडमचं एक मत होतं. आपल्या माणसाला इंग्रजी अवघड जात नाही, स्वतःबद्दल बोलणं अवघड जातं. 'मी' म्हणताना त्याची मान खाली जाते. म्हणून आधी दुसऱ्याचा मी उसना घ्यायचा. पहिल्या दिवशी त्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढायला लावायच्या. चिठ्ठीत जे माणूस निघेल ते आपण, क्लास संपेपर्यंत. नाव, गाव, घरची माणसं, आवडनिवड, सगळं चिठ्ठीतलं. खरं नाव जिन्याखाली चपलांबरोबर ठेवून यायचं. पाटील मामांना निघाली मिसेस फर्नांडिस, गृहिणी. मिशांवरून हात फिरवत ते आय ॲम अ हाउसवाइफ म्हणायचे आणि सगळे हॉल डोक्यावर घ्यायचे. वहिनी पायलट. मी साठीचा टकला डॉक्टर. आणि आक्काला निघाली मिस लीना. राहणार पुणे, दोन भाऊ, लग्न नाही, मूलबाळ नाही, छंद पोहणे.

आक्का तेव्हा नुकती नेसरीहून परत आली होती. तिचं सासर नेसरीचं. ती का परत आली ते मी लिहिणार नाही, लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. एवढंच सांगते की येताना ती एकटी आली. प्रज्ञा तेव्हा बोबडं बोलायची. सासूबाईंनी सांगितलं होतं की पोरगी माझ्या डोळ्यांसमोर राहील, तू आधी आपल्या पायांवर उभी राहा, मग बघू. त्या काही दुष्ट नव्हत्या. बोलायला रोखठोक, आणि नातीवर जीव. पण 'मग बघू' या दोन शब्दांवर आक्कानं किती वर्षं काढली ते आम्ही पाहिलं आहे. बाबा फाउंड्रीतून दमून आलेले असायचे. ती त्यांना जेवायला वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. आवाज तर इतका बारीक झाला होता की आई चिडायची, बोल की जरा मोठ्यानं, घर आपलंच हाय.

कागलकडे नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. टेलिफोनवर बोलायला, आल्यागेल्या पाहुण्याला बसवायला इंग्रजी येणाऱ्या बाया त्यांना हव्या होत्या. आक्का बारावी पास होती. नोकरी लागली की खोली घ्यायची आणि पोरीला आणायची. तिचं सगळं गणित एवढंच होतं आणि ते साऱ्या क्लासला ठाऊक होतं. खेळात ती हरायला लागली की वहिनी मुद्दाम चुकायच्या.

पण ती फार वेळा हरायची नाही. डोळे बांधून चालायचा एक खेळ होता, आपली आंधळी कोशिंबीरच, फक्त आंधळ्याला दुसऱ्यानं इंग्रजीतून वाट दाखवायची. मध्ये चपला, तांबे, सतरंजीच्या वळकट्या मांडून ठेवलेल्या. माझे डोळे बांधलेले आणि आक्का दुरून सांगायची. लेफ्ट. स्टॉप. नाऊ स्ट्रेट. डोन्ट बी अफ्रेड. रुमालाच्या काळोखात मला तो आवाज ऐकून नवल वाटायचं. घरात ज्या बाईचा आवाज चुलीपलीकडे जात नव्हता, तिचा इथं हॉलभर घुमायचा. इंग्रजीत ती कुणालाच भीत नव्हती. मिस लीनाला कुठं सासर होतं, आणि भ्यायचं तरी कुणाला. मी मुद्दाम चुकीच्या दिशेला वळायचे, तिनं आणखी थोडं बोलावं म्हणून.

रविवारी ती नेसरीला जायची. गडहिंग्लजला एसटी बदलायची, पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रखडायची, आणि संध्याकाळी तसंच परत. एकदा मीही गेले होते. अंगणात सासूबाई कट्ट्यावर गहू निवडत बसलेल्या आणि समोर आक्का आणि प्रज्ञा चिंचोके मांडून बाजार खेळत होत्या. मायलेकींना एकांत असा मिळायचाच नाही. आक्का आली की सासूबाई काही ना काही काम घेऊन कट्ट्यावर येऊन बसणार आणि ती निघेपर्यंत उठणार नाहीत. मराठीत बोललं की सगळं कट्ट्यावर ऐकू जाणार. म्हणून आक्का पोरीशी इंग्रजीतून खेळायची. क्लासमध्ये मॅडमनी घेतलेला प्रत्येक खेळ दोन रविवारात नेसरीला पोचलेला असायचा. प्रज्ञा हाऊ मच म्हणाली की सासूबाईंनाही हसू यायचं, आणि शेजारणीला हाक मारून त्या नात दाखवायच्या.

मग मुलाखतीचं पत्र आलं. त्या आठवड्यात क्लासमध्ये दुसरा खेळच झाला नाही. पाटील मामा खुर्चीवर साहेब होऊन बसायचे, आक्का दारातून मे आय कम इन म्हणत यायची, आणि आम्ही सगळे भोवती बसून बघायचो. टेल मी अबाउट युवर फॅमिली. आक्का धडाधडा सांगायची, आय हॅव टू ब्रदर्स, आय ॲम नॉट मॅरीड, आय हॅव नो चिल्ड्रन, आय लाइक स्विमिंग. मॅडम टाळी वाजवायच्या, व्हेरी गुड, मिस लीना. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मॅडमच्याही नाही. खेळाची इतकी सवय झाली होती.

मुलाखतीहून ती दुपारी परत आली आणि चपला न काढताच उंबऱ्यात बसली. आईनं पाणी दिलं तर घेतलं नाही. काय झालं, काय झालं करत आम्ही भोवती उभ्या. साहेब चांगला होता म्हणाली. हसून बोलत होता. टेलिफोनवर बोलून दाखव म्हणाला, ते झालं. मग त्यानं घरचं विचारलं.

"मी त्यास्नी सांगितलं, मला पोर न्हाई म्हणून," आक्का म्हणाली. "तोंडातनं आलं गं. थांबवायच्या आधीच आलं."

पोहायला आवडतं हेही तिनं सांगून टाकलं होतं. रंकाळ्याच्या पाण्यात घोट्याच्या वर पाय न घातलेली बाई. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. त्या दिवशी आई चुलीकडे तोंड करून बसली आणि आक्का उंबऱ्यात हुंदके देत राहिली. मी कितीदा यावर विचार केला आहे. ती खोटं बोलली नव्हती. मराठीत तिला मुलगी होती, जिच्यासाठी तिनं जीव टाकला होता. इंग्रजीत ती शिकली होती तेवढ्या सगळ्या वाक्यांत तिला मुलगी कधी नव्हतीच. माय डॉटर हे दोन शब्द तिच्या जिभेवर कुणी बसवलेच नव्हते.

नोकरी लागली. आई म्हणाली, आत्ताच जाऊन खरं सांग. आक्का म्हणाली, आता सांगितलं तर खोटारडी म्हणतील, पहिल्याच दिवशी कोण विश्वास ठेवंल, पोर आली की सांगतो. आमच्याकडं बायकाही सांगतो, जातो असंच म्हणतात. पोर आली की सांगतो. ते तिचं पालुपदच होऊन बसलं.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं बराच वेळ पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या परत मागून घेतल्या आणि म्हणाल्या, आजपासून आपापलं सांगायचं. चेंडू वहिनींकडे गेला. त्या उठल्या, स्वतःचं नाव सांगितलं, माय हजबंड म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. थोड्या वेळानं खाली बसल्या. पाटील मामांनी आय ड्राइव्ह रिक्षा म्हटलं, मग माय फादर इज नो मोअर म्हटलं, आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. त्यांचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मराठीत ते हे सांगताना तंबाखू मळत असायचे. त्या दुपारी शेजारचा डंकसुद्धा बंद होता, की मलाच ऐकू येत नव्हता कोण जाणे. आक्का त्या दिवशी नव्हती, तिची ड्युटी सुरू झाली होती. पुढं क्लास हळूहळू विरळ होत गेला. मॅडम थकल्या. एका पावसाळ्यात तो बंद झाला आणि पुन्हा सुरू झालाच नाही.

दोनतीन वर्षं पैसे साठवून आक्कानं कागलला खोली घेतली. मी आणि आई बघायला गेलो होतो. कौलारू, एका खिडकीची, पण चुना लावून स्वच्छ केलेली. सुताराकडून एक लहान खाट करून घेतलेली, तिच्यावर नवी गादी, उशीला फुलाफुलांचा अभ्रा. जवळच्या शाळेत जाऊन ती नाव घालायची चौकशी करून आली होती. प्रज्ञाचं आता दुसरीचं वर्ष. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आणायची, असं ठरलं. सासूबाईसुद्धा आता आधीसारख्या ताठ राहिल्या नव्हत्या. पोरीची मर्जी असंल तर न्हे, असं म्हणाल्या होत्या. आक्काला त्या महिन्यात मी गुणगुणताना ऐकलं आहे. लहानपणानंतर पहिल्यांदा.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती नेसरीला गेली आणि तिथून कागलला न जाता आमच्याकडे आली. चेहरा कोरडा. जेवताना म्हणाली, "पोर तिकडंच रमली हाय. कशाला उपटायची." बस, एवढंच. आई ओरडली, रडली, शेवटी शपथा घातल्या. बाबांनी विचारलं. मी विचारलं. तिनं ताटातलं संपवलं, ताट घासलं, आणि सकाळच्या गाडीनं कामाला गेली. ती खाट पुढं कुणाला देऊन टाकली ते आम्हाला कळलं नाही. कंपनीत तिनं सांगितलंही नाही. आता काय सांगायचं राहिलं होतं.

नेसरीला ती जात राहिली, पण खेळ थांबले. प्रज्ञा मोठी झाली, गडहिंग्लजला कॉलेज, मग पुण्यात नोकरी. फाडफाड इंग्रजी बोलते. मायलेकी भेटायच्या तेव्हा पाहुण्यांसारख्या बोलायच्या. प्रवास कसा झाला, तब्येत काय म्हणते, डब्यात लाडू दिले आहेत. मला त्याचा राग यायचा. आईचा पण आणि लेकीचा पण. कुणाचा जास्त, ते त्या त्या दिवसावर असायचं.

हे सगळं मी प्रज्ञाला समाजमंदिराच्या गच्चीवर सांगितलं. अभ्यासिकेत बोलायची सोय नव्हती. ऊन उतरलं होतं. चिठ्ठ्यांचं सांगितलं, मिस लीनाचं सांगितलं, उंबऱ्यात बसलेल्या आक्काचं सांगितलं, कागलच्या खोलीचं, खाटेचंही सांगितलं. तिनं तुला नाकारलं नाही, मी म्हणाले, तिच्या जिभेनं घात केला, आणि तो निस्तरायचा तो तू आल्यावर. मग तूच रमलीस तिकडं. यात तुझी काय चूक, लेकरू ते.

प्रज्ञा कठड्याला पाठ लावून ऐकत होती. खाटेचं ऐकल्यावर ती खाली बसली.

"मावशी, मी रमलो म्हणून कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. रडायच्या आधी तिचं पुण्याचं मराठी गळून पडतं आणि नेसरीचं वर येतं.

तुझ्या आईनंच, मी म्हणाले.

मग ती सांगायला लागली. तो रविवार तिला स्वच्छ आठवत होता. आज्जी कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. आईनं नवीन खेळ आणला होता. आई भराभर प्रश्न विचारणार आणि हिनं एक तर येस प्लीज म्हणायचं नाही तर नो थँक यू. न अडखळता म्हटलं की लिमलेटची गोळी. डू यू वॉन्ट मँगो? येस प्लीज. डू यू वॉन्ट अ स्लॅप? नो थँक यू. हसून हसून दोघींच्या पोटात दुखत होतं. आईनं आणखी दोन विचारले, दोन्हींना येस आलं. मग आई एकदम हळू बोलली. म्हणाली, विल यू कम अँड लिव्ह विथ मी?

"मला विल यू म्हंजे काय ते ठावंच नव्हतं. दोनदा येस झालंतं, म्हणून मी नो थँक यू म्हटलो. मला वाटलं खेळच हाय."

ती पुढं सांगत राहिली. मग आईनं तेच परत विचारलं, अजून हळू. आणि हिला वाटलं की आपला उच्चार चुकला, म्हणून हिनं तेच परत म्हटलं, मोठ्यानं, उभं राहून. कट्ट्यावरची आज्जी कौतुकानं हसली, म्हणाली, बघ कशी साहेबासारखी बोलती पोर. आईनं पिशवीतून गोळी काढली, कागद सोडवून हिच्या तोंडात घातली, आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली नव्हती तरी उठली. त्या वाक्याचा अर्थ हिला हायस्कूलमध्ये कधीतरी वर्गात कळला. बाकावर बसल्या जागी कळला. तोपर्यंत आईनं विचारायचं सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि आता आपण होऊन सांगायचं कसं, आईला तो रविवार आठवत तरी असेल का, असं करत करत राहून गेलं.

मी तिचा हात धरून बसले. मला आक्काचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन्ही एका वेळी मावेनात. एकदा मराठीत विचारायचं होतंस गं बये. सासूसमोर विचारायचं होतंस, जगासमोर विचारायचं होतंस.

खाली पेठेत दिवे लागायला लागले. अभ्यासिकेतली पोरं चहाला म्हणून खाली गेली, त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. प्रज्ञानं तोंड पुसलं.

"मावशी, मी व्हय म्हटलो असतो, तर तिनं हापिसात सांगितलं असतं? मला मुलगी हाय म्हणून?"

"सोमवारीच," मी म्हणाले. "सोमवारीच सांगितलं असतं."